सुईला वय विचारू नका

आज खताची मात्रा, फवारणी किंवा बाजारभाव यांपैकी काही सांगायचे नाही. आज बोलायचे आहे ते तुमच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या माणसाबद्दल.

असे एक माणूस बहुतेक घरांत असते. कुठे सासूबाई, कुठे आई, कुठे म्हातारे चुलते. जन्मभर या हातांनी खुरपे धरले, मोट हाकली, मळणी केली, दहा माणसांच्या भाकरी थापल्या. मग एके दिवशी गुडघे बोलू लागतात, कंबर धरते आणि घरातली माणसे मायेनेच म्हणतात, "तुम्ही आता बसा. पुष्कळ केलंत." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणाऱ्याला वाटते, आपले काम संपले. ज्याने कधी रिकामे बसून पाहिलेले नाही त्याला बसायला सांगणे ही लहान शिक्षा नव्हे.

या रिकाम्या हातांना नवे काम मिळू शकते. कसे, ते आमच्याच घरच्या गोष्टीतून सांगते. गोष्टीत चूक माझी आहे, तीही लपवत नाही.

ओढ्याचं पाणी

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. २०१५ साली, सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी शेतात येणे बंद केले. वर्षभर ओट्यावर बसून त्यांनी शेंगा फोडल्या, लसूण सोलला, कोंबड्या हाकल्या. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी वसतिगृहात पाठवायचे ठरले. एके दुपारी पाहते तो आत्यांनी ट्रंक उघडलेली. मामंजींची दोन धोतरे आणि स्वतःच्या आईचे एक जुने लुगडे काढून त्यांनी सोप्यात अंथरले होते. नातीसाठी गोधडी शिवायची होती.

त्यांनी पूर्वी गोधडी शिवली नव्हती असे नाही. पण ती गरजेपुरती. चार चिंध्या जोडायच्या आणि थंडी भागवायची, एवढेच. मन लावून कोणासाठी काही करावे इतका वेळ त्यांना कधी मिळालाच नव्हता.

आठवडाभराने मी ती गोधडी पाहिली. टाके कुठे लांब, कुठे आखूड. ओळ सुरू व्हायची एकीकडे आणि जायची भलतीकडे. मी हसून म्हणाले, "आत्या, ही ओळ हाय का ओढ्याचं पाणी? बाजारात ब्लँकेट मिळतंय की. कशाला डोळं फोडताय?"

आत्या काही बोलल्या नाहीत. सुई काढून भिंतीच्या कॅलेंडरला टोचली, गोधडीची घडी घातली आणि ट्रंकेत तळाला ठेवून दिली. मुलगी बाजारातले ब्लँकेट घेऊन गेली. मी ती गोष्ट विसरूनही गेले.

जानेवारी २०१८ मध्ये गावात डोळे तपासणीचे शिबिर झाले. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन वर्षांचा तरी आहे. इतके दिवस कसं चालवलं?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या टाक्यांना मी हसले, ते टाके त्या बाईने नीट दिसत नसताना घातले होते. सुईत दोरा ओवायला तिला किती वेळ लागत असेल! कोणाला सांगायचे नाही म्हणून चाचपत, बोटांच्या अंदाजाने ती शिवत होती.

सरकारी रुग्णालयात आधी एका डोळ्याची आणि महिन्याभराने दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पैसे लागले नाहीत. पट्टी निघाल्यावर आत्या घरी आल्या आणि अंगणातच थांबल्या. दोरीवर माझे लुगडे वाळत होते. म्हणाल्या, "ही निळी हाय व्हय? मला आपली काळीच वाटायची."

मोतीबिंदूने डोळ्याचे भिंग हळूहळू पिवळट आणि गढूळ होते. त्यामुळे नुसते अंधूक दिसते असे नाही, तर रंगही फिके पडतात, त्यातही निळा फार. नवे भिंग बसले की रंग एकदम उजळतात. आत्यांना आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कडुलिंबाचा हिरवा निराळा, घेवड्याचा हिरवा निराळा, उसाचा निराळा. साठ वर्षे त्या रानात राबलेली बाई आता ते रान पाहत होती.

मग एके दिवशी त्यांनी आपण होऊन ती घडी ट्रंकेतून काढली, उजेडात धरली आणि स्वतःच हसल्या. "खरंच की गं, ओढ्याचं पाणी!"

मी म्हणाले, "आत्या, उसवून देऊ का?"

"उसवायचं कशाला? ओढा हाय तर ओढाच राहू दे."

त्या वाकड्या ओळींच्या दोन्ही अंगांना त्यांनी निळ्या चोळखणाचे तुकडे लावले. काठावर हिरव्या तुकड्यांची झाडे आली. मग तांबडा बैल आला, त्याचे एक शिंग मोठे, एक लहान. वरच्या कोपऱ्यात विहीर आणि तिच्यावर मोट आली. ती मोट माझ्या मुलीने कधी पाहिलेली नाही. २०१८ च्या दिवाळीत ती गोधडी नातीच्या हातात पडली. मुलगी आज पुण्यात नोकरीला आहे. रात्रपाळी करून आली की हीच गोधडी पांघरते. ब्लँकेट कुठे गेले ते तिलाही ठाऊक नाही.

शेतकऱ्याच्या घरची मोझेस आजी

तुम्ही म्हणाल, ही एका घरची गोष्ट झाली. तर आता जगाला ठाऊक असलेल्या एका शेतकरीण आजीची गोष्ट ऐका.

अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यात १८६० साली एका शेतकऱ्याच्या घरी ॲना मेरी रॉबर्टसन ही मुलगी जन्मली. भावंडे दहा. बाराव्या वर्षी ती दुसऱ्याच्या शेतावर घरकामाला राहिली. लहानपणी चित्रे काढायची आवड होती. द्राक्षांचा आणि रानफळांचा रस काढून त्याने ती कागद रंगवी. पण कामाच्या रगाड्यात ते मागे पडले. १८८७ साली थॉमस मोझेस या शेतमजुराशी लग्न झाले. दोघांनी वर्षानुवर्षे शेती केली. ती लोणी काढून विकायची. दहा मुले झाली, त्यांतली पाचच जगली. १९२७ साली नवरा वारला.

पुढे म्हातारपणी ती लोकरीच्या धाग्यांनी कापडावर चित्रे भरून घरच्यांना, ओळखीच्यांना देऊ लागली. पण संधिवाताने बोटे आखडली, सुई धरवेना. तेव्हा बहिणीने सुचवले, सुईपेक्षा कुंचला धरायला सोपा, रंगवून का पाहत नाहीस? तेव्हा ॲना मेरीचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते.

तिने रंगवले ते काय? तेच, जे तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे असते. सुगी, गुरे, बर्फात चाललेली गाडी, पाक काढण्याचा दिवस, गावची माणसे. ती वरून खाली रंगवत येई. आधी आभाळ, मग डोंगर, मग झाडे, घरे आणि सगळ्यांत शेवटी गुरे आणि माणसे. जत्रेतल्या प्रदर्शनात तिने मुरंबा आणि चित्रे दोन्ही ठेवली, तर बक्षीस मुरंब्याला मिळाले. चित्रांकडे कोणी पाहिले नाही. १९३८ साली एका औषधाच्या दुकानात तिची चित्रे मांडलेली होती. एक जाणकार वाटेने जाताना थांबला आणि त्याने ती विकत घेतली. किंमत तीन ते पाच डॉलर. १९४० साली न्यू यॉर्क शहरात तिच्या एकटीच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. लोक तिला ग्रँडमा मोझेस, म्हणजे मोझेस आजी म्हणू लागले. १९६१ साली, एकशे एकाव्या वर्षी ती वारली. तोवर दीड हजारांहून जास्त चित्रे काढून झाली होती.

महुआची झाडे आणि वाघ

फार लांबची वाटते का ही आजी? मग शेजारच्या मध्य प्रदेशात चला. उमरिया जिल्ह्यातल्या जोधईया बाई बैगा या आदिवासी बाई. शाळा नाही, जन्म मोलमजुरीत गेला, नवरा गेल्यावर मुलांना कष्ट करून वाढवले. सत्तरीच्या घरात असताना आशीष स्वामी या चित्रकाराने त्यांच्या हातात रंग दिले. त्यांनी रंगवले ते आपल्या रानातले वाघ, महुआची झाडे, आपले देव. पुढे ती चित्रे परदेशांतही गेली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या.

पुरुषमंडळींनी असे समजू नये की हे बायकांचेच काम. रवींद्रनाथ टागोर साठी उलटल्यावर चित्रकलेकडे वळले. हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देता देता चित्रे होऊ लागली. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते.

ही नावे सांगितली ती तुमच्या घरच्या आजीला पद्मश्री मिळेल म्हणून नव्हे. सांगायचे एवढेच की हात जन्मभर जे शिकतो ते वाया जात नाही. ज्या बाईने आयुष्यभर रोप लावताना ओळीचा अंदाज घेतला, भाकरी गोल थापली, अंगणात ठिपके मोजून रांगोळी काढली, तिला आकार आणि मोजमाप आधीच ठाऊक आहे. हवा असतो तो वेळ, आणि आपले कोणाला तरी हवे आहे ही खात्री.

गोधडी करायची तर

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आत्यांनी सांगितलेल्या काही गोष्टी देते.

कापड सुतीच घ्या. जुने सुती लुगडे, धोतर, सुती सदरे. आजच्या बऱ्याच साड्या पॉलिस्टरच्या असतात. त्या दिसायला झकास, पण घाम शोषत नाहीत आणि शिवताना थर सरकतात. कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका आणि कडक उन्हात वाळवा. रंग जातो का ते आधी पाहा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासले आणि फडके रंगले, तर ते कापड वरच्या बाजूला लावू नका.

माप सोपे आहे. नऊवारी लुगड्याची चार समान घडी घातली की प्रत्येक पदर सव्वादोन वारांचा, म्हणजे पावणेसात फूट लांब होतो. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याइतकी. एका माणसाला ही पुरेशी. आत जुन्या धोतरांचे थर घाला, वर तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर. थर फार घालू नका, सुई आरपार जात नाही आणि बोटे दुखतात.

सारे थर जमिनीवर अंथरून सुरकुत्या काढा आणि कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असे काहीतरी जड ठेवा. मग मधून कडेकडे जात लांब लांब कच्चे टाके घाला. हे चुकवू नका. कच्चे टाके नसतील तर शिवता शिवता मध्ये फुगवटा येतो. त्यानंतर पक्का धावदोरा कडेपासून सुरू करून आत आत, चौकोनात फिरत न्यायचा. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवा. बाळाच्या दुपट्याला एक बोट पुरे. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर सरळ चालतो.

चित्र काढायचे असेल तर आधी जुन्या वर्तमानपत्रातून आकार कापा. झाड, बैल, घर असे मोठे, सोपे आकार निवडा. कापड कापताना कडेने अर्धे बोट जास्त ठेवा, ते आत दुमडून तुरपाई करा. मोझेस आजीसारखे आधी आभाळ आणि जमीन लावा, माणसे शेवटी.

आणखी दोन गोष्टी जपा. सुया मोजून घ्या आणि मोजूनच परत ठेवा. गोधडीत राहिलेली सुई घात करते. आणि बाळाच्या दुपट्याला मणी, गुंड्या, टिकल्या लावू नका, बाळ त्या तोंडात घालते.

दिवसाला दोन तास दिले तर एक गोधडी महिना-सव्वा महिन्यात होते. घाई करू नका. दुपारी उजेड असतो तेव्हा बसा, दिव्याखाली नको.

ज्यांना सुई नको त्यांनी दुसरे काही करावे. आमच्या शेजारचे एक आजोबा जन्मभर दावी आणि कासरे वळत. आता घरात बैल नाहीत. त्यांनी सुतळीची शिंकी वळून तिन्ही लेकींना दिली. शहरातल्या लेकीने त्यात कुंडी टांगली आहे. कोणी बाभळीच्या लाकडाची लहानशी बैलगाडी नातवाला करून देईल, कोणी जुन्या कागदाचा लगदा मेथीच्या पिठात मळून टोपली करील, कोणी मण्यांचे तोरण ओवील. ज्याच्या हाताला जे ठाऊक, त्याने ते करावे.

घरच्यांना दोन शब्द

आता तरण्या मंडळींशी बोलते. हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकले म्हणून सांगते.

म्हाताऱ्या माणसाच्या हातचे काम पाहून हसू नका. त्याने आयुष्यात शेकडो बोलणी पचवली असतील, पण हे एक वाक्य पचत नाही. कारण या वेळी काम पोटासाठी चाललेले नसते, तुमच्यासाठी चाललेले असते. आत्यांचे दीड वर्ष माझ्या एका वाक्यात गेले.

टाके वाकडे पडत असतील, तांदळातला खडा सुटत असेल, सुई ओवता येत नसेल, तर वयाला दोष देण्याआधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. त्यानंतर जवळचे पाहायला चष्मा लागला तर तो लगेच करून द्या. "आता कुठे वाचायचंय तिला?" असे म्हणून टाळू नका.

"बाजारात याला किती मिळतील?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. विकायचे असेल तर त्यांनी विकावे, त्यात कमीपणा नाही. पण मायेने चाललेल्या कामाला आपण होऊन ऑर्डरी लावल्या की पुन्हा ते कष्टच होतात.

आणि दिलेली वस्तू वापरा. जपून कपाटात ठेवलेल्या गोधडीला कसर लागते. ती अंगावर घ्या, धुवा, उन्हात टाका. फाटली तर पुन्हा त्यांच्याकडेच न्या. दुरुस्तीच्या निमित्ताने दोन दिवस माहेरी राहणे होईल, तेही थोडे नाही.

आमच्या आत्यांनी आता पंचाहत्तरी ओलांडली. आजवर नऊ गोधड्या झाल्या. एक भाऊबीजेला त्यांच्या धाकट्या भावाला गेली, दोन पणतवंडांची दुपटी झाली, एक शेजारच्या विधवा बाईच्या लेकीच्या रुखवतात गेली. सध्या दहावी चालू आहे, ती माझी. परवा दुपारी त्यांनी मला हाक मारली. चष्मा नाकावर, सुईत दोरा ओवलेला.

"सूनबाई, तुझी वळ सरळ घालू का वाकडी?"

मी म्हणाले, "ओढा असू द्या, आत्या."

तर बहिणींनो, भावांनो, आज दुपारी जेवणे उरकली की घरातली ट्रंक ओट्यावर आणून ठेवा आणि उघडून द्या. सुई, दोरा, कात्री शेजारी ठेवा. आणि मग "कोणासाठी करताय?" एवढेच विचारून आपल्या कामाला निघून जा.